शेजेतला लॅपटॉप

रामनाथच्या बाराव्यातून मैनाला काय मिळणार, हे तिला तोंडावर कुणी विचारलं नसतं. पण ज्याला माणसं वाचता येतात त्याला ते न विचारताही कळलं असतं. पाठचा भाऊ झोपेतच गेला होता, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास धड उतरला नव्हता. ते दुःख खरं होतं. आणि त्या दुःखाच्या शेजारच्या रकान्यात तिच्या मुलाच्या, भाविकच्या नावावर एक नवाकोरा लॅपटॉप जमा होऊ घातला होता, हेही खरं होतं. एका बाईच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी मावतात. ज्याला हे पटत नाही, त्याच्या घरात अजून बाराव्याचं जेवण शिजलेलं नसतं.

कशेळीच्या या भाऊकीत बाराव्याला शेज देतात. गेलेला माणूस रोज जे वापरायचा ते नवं आणायचं, खाटेवर मांडायचं, आणि त्याच्या बहिणीच्या मुलाला तिथं बसवून त्याच्या हवाली करायचं. भाच्यानं चपला पायात घालायच्या, तांब्यातलं पाणी प्यायचं. त्यानं वापरलं की गेलेल्याला पोचलं. मैनाचा बाप चांगदेव गेला तेव्हा त्याच्या शेजेवर जाळं होतं; तेव्हा खाडीत मासळी होती आणि काठावर गोडाऊनं नव्हती. आता चार गोडाऊनं होती, चारही भाड्यानं दिलेली, आणि त्यांचा सगळा कारभार रामनाथ बघायचा.

म्हणूनच थोरला भाऊ महादू ओटीवर सगळ्यांदेखत म्हणाला, “छत्री कशाला आणता? रामनाथ कवा छत्री घेऊन चालला? गाडीतून उतरायचा नि गोडाऊनात शिरायचा. रोज हातात काय असायचा त्याच्या? लॅपटॉप. तोच ठेवू शेजेवर.”

“मग त्यांचाच द्या,” भिंतीला टेकून बसलेली कमळा पुटपुटली. रामनाथची बायको. त्या दिवसांत तिचं एवढं लांब वाक्यही कुणी ऐकलं नव्हतं.

“त्याच्यात भाडेकरूंचा सगळा कारभार हाय, बाय. तो घरात राहील. नवा घेऊ.”

“साधाच घे, दादा,” मैना म्हणाली. म्हणायला लागतं. “पोराच्या रोजच्या वापरापुरता.”

“साधा कशाला? भाऊ एकच होता मला.”

महादूचा आवाज जड झाला. त्याचा आवाज जड झाला की हात आखडतो, असा घरातला जुना अनुभव. या खेपेला आवाज जड होता आणि हातही सैल होता. मैनाच्या हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. पण ती डोळे पुसत होती, आणि पदराआडून नीट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं भिवंडीला गेले. महादू, त्याचा मुलगा प्रितेश, मैना आणि भाविक. दुकान एका गल्लीच्या तोंडाशी होतं. मागं कुठंतरी कापडाचे लूम चालू होते, त्यांचा खडखडाट काचेच्या दारातून आत झिरपत होता.

“किसके लिए चाहिए?” दुकानदारानं विचारलं.

खरं उत्तर द्यायचं तर ज्याच्यासाठी हवा तो माणूस आता राख होऊन खाडीत गेला होता. दुकानदारानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. प्रितेशचं डोकं भादरलेलं, भाविकचंही. त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यानं जरा हळू विचारला.

“काम क्या रहेगा उसपे?”

“रोजच्या वापराला,” प्रितेश म्हणाला.

“रोज का मतलब? गेम, एडिटिंग? के खाली हिसाब?”

“हिसाब,” भाविक म्हणाला. “एक्सेल, जीएसटी, मेल. लाइट गेली तरी दोन-तीन तास चालला पाहिजे. अक्षर मोठं दिसलं पाहिजे. आणि आकड्यांची बटणं बाजूला वेगळी पाहिजेत. मामाला वरच्या ओळीतले आकडे सापडायचे नाहीत.”

मैनानं मुलाकडं पाहिलं. हा पोरगा दोन वर्षं मामाच्या घरी राहून ठाण्याच्या कॉलेजात जात होता, संध्याकाळी मामाशेजारी बसून गोडाऊनांच्या भाड्यांचा हिशेब लावत होता, आणि आज स्वतःसाठी मिळणारी वस्तू मामाच्या बोटांच्या मापानं निवडत होता. तिला अभिमान वाटला. थोडा रागही आला. अरे, वापरणार तू आहेस.

दुकानदारानं दोन लॅपटॉप समोर मांडले. एक चंदेरी, पुठ्ठ्याएवढा पातळ. दुसरा काळा, रुंद, थोडा जाडजूड.

“ये हल्का है, सोला जीबी, टच भी है. दिखाने को अच्छा. और ये पंद्रा इंच, आठ जीबी, एसएसडी, नंबर-पॅड. आपके काम को इससे ऊपर जाना मतलब पैसा फेंकना. कल को लगा तो रॅम बढ़ा लो, जगह खाली है.”

मैनाचं वज्रेश्वरीला ओटीच्या सामानाचं दुकान. महागातली वस्तू बाजूला सारून स्वस्तातली सुचवणारा दुकानदार एक तर भला असतो, नाही तर स्वस्तातल्यात त्याला जास्त सुटत असतं. तिनं त्याचा चेहरा निरखला आणि ‘भला’ असा निकाल दिला, जरा नाइलाजानंच.

भाविकनं काळा लॅपटॉप पुढं ओढला. उजव्या हाताची दोन बोटं ताठ धरली आणि बाजूच्या आकड्यांवर टकटक केली. अगदी रामनाथसारखी. मान पण तशीच तिरकी. प्रितेशनं चटकन बाहेर रस्त्याकडं पाहिलं.

“हा घेऊ,” भाविक म्हणाला.

“तो पातळवाला घे की,” महादू म्हणाला. “चार वर्षं निघाली पायजेत.”

“मामाला आवडला नसता, मोठे मामा. पातळ वस्तूची त्याला भीती वाटायची. मोडेल म्हणायचा.”

“बरं बाबा. तुझा मामा, तूच जाण.” महादूनं पाकीट काढलं आणि सांगितला तेवढा पैसा मोजून ठेवला.

याच महादूनं सकाळी मांडववाल्याला खुर्च्यांच्या भाड्यावरून रडकुंडीला आणलं होतं. इथं अवाक्षर नाही. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही हे बघून दुकानदारच बेचैन झाला आणि त्यानं न मागता माऊस फुकट दिला.

“भाई, एक एक्स्टेंशन बोर्ड पण द्या,” प्रितेश म्हणाला. “रूमवर पॉइंट कुठं असतो, कुठं नसतो.”

महादूनं मुलाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. प्रितेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“कुठल्या रूमवर?” मैनानं विचारलं.

“असंच गं, आत्या. कॉलेजची पोरं रूमवर राहतात ना, म्हणून.”

कशेळीच्या घरात रूम नव्हती. ओटी होती, माजघर होतं, आणि माडी होती. भाविक माडीवर झोपायचा, अंथरूण पंख्याखाली आणि पॉइंट उशाशी. त्या घराला रूम म्हणायचं कुणाच्या जिभेवर नव्हतं. मग ही रूम आली कुठून?

आणि तिथंच, खोक्यावर टेप लावण्याचा चर्र आवाज होत असताना, मैनाला रीतीचं दुसरं कलम आठवलं. शेज घेणारा मागं वळून बघत नाही, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घराचा उंबरा चढत नाही, त्या घरचं पाणी पीत नाही.

ती हे विसरली कशी? तर ते कुणाला कधी जड गेलंच नव्हतं. भाचा आपला वेगळ्या गावी, स्वतःच्या घरी. मामाकडं तो एरवीही जत्रेला नाही तर लग्नाला यायचा. एक वर्ष नाही आला तर कुणाचं काय अडतं? मामाच्या घरात राहणारा भाचा या भाऊकीत आजवर झालाच नव्हता. भाविक पहिला. खाट आणि चपला असत्या तर तिनं कदाचित सगळी रीत पुन्हा मनात घोळवून पाहिली असती. लॅपटॉप म्हटल्यावर तिनं जमेची बाजू वाचली आणि पान उलटलं.

घरी आल्यावर महादू पाण्याच्या टाकीमागं हातपाय धुवायला गेला, तशी ती मागोमाग गेली.

“दादा, रूम कुठं बघितलीस?”

महादूनं नळ बंद केला. खोटं बोलण्याएवढा तो हलका माणूस नव्हता. “कळव्याला. प्रितेशच्या दोस्ताची हाय. डिपॉझिट मी भरलाय.”

“पोराला घालवतोस.”

“मी कशाला घालवू? रीत हाय. वर्षभराचा तर प्रश्न.”

“आणि वर्ष झाल्यावर?”

महादू खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते. “मैने, रामनाथनं सगळा त्या पोराला शिकवला. कुणाची मुदत कवा संपते, कुणाला किती सूट दिली. माझ्या प्रितेशला त्यातला काय म्हाईत न्हाय. रामनाथ गेला त्या दिवशी भाडेकरूंचे फोन कुणाला आले? भाविकला. मी समोर उभा होतो. माझ्या बापाच्या जमिनीवरची गोडाऊनं, नि फोन भाच्याला.”

“तो काय मागतोय का तुझ्याकडं?”

“आज न्हाय मागत.”

“त्याला बसवून बोलायचं. सरळ सांगायचं.”

“काय सांगू? जा म्हणू? तिकडं रामनाथची चिता विझली न्हाय नि मी त्याच्या लाडक्या भाच्याला जा म्हणू? तोंडात शेण घालतील लोक.” त्यानं टॉवेल झटकला. “म्हणून चांगला लॅपटॉप घेतला ना. मानानं जाईल.”

मैना बघत राहिली. दादा नुसता लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं. तो घाबरला होता. पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस, वीस वर्षांच्या पोराला घाबरला होता, आणि त्या भीतीला त्यानं रीतीचं धोतर नेसवलं होतं.

“आम्ही शेज न्हाय घेत,” ती म्हणाली.

“मग पडू दे अंगणात. रामनाथची शेज कुणी उचलली न्हाय, हे भाऊकी बघील. तुझी मर्जी.”

स्वयंपाकघरात कमळा तांदूळ निवडत बसली होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. तिला सगळं ठाऊक होतं. या घराच्या भिंतींना पाण्याच्या टाकीकडचं सगळं ऐकू येतं.

“ताई,” ती मान वर न करता म्हणाली, “तो माडीवर असला की जिन्यात पाय वाजतात. मला नि मृणालीला तेवढा आधार हाय. लेक अजून आठवीत. उद्या माझ्यापुढं कुणी कागद आणला तर त्यात काय लिवलाय हे सांगणारा या घरात माझा कोण?”

“मग न्हाय म्हणून सांगते. नको ती शेज.”

कमळाचा हात थांबला. “तसा नका करू. त्यांना पोचणार न्हाय. ते बिनचपलेचे, बिनपाण्याचे राहतील, ताई.” आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

दोन्ही मागण्या एकाच बाईच्या होत्या आणि दोन्ही रास्त होत्या. शेज घ्यायची, आणि भाविकनं जायचं नाही. मैनानं निवडलेल्या तांदळाचं सूप तिच्या मांडीवरून उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. आणि तेच तांदूळ तीही पुन्हा निवडायला लागली.

बाराव्याला अंगणात मांडव पडला. भाऊकी जमली. नवी खाट, गादी, चादर, चपला, पितळी तांब्या, आणि उशीवर उघडून ठेवलेला काळा लॅपटॉप. हार लॅपटॉपला घालावा की फोटोला, यावरून दोन म्हाताऱ्यांचं थोडं वाजलं. शेवटी फोटोला घातला. भटजींनी संकल्प सोडला.

“भाच्याला बसवा,” ते म्हणाले.

भाविक पुढं आला. त्याला रूमचं सकाळीच सांगितलं होतं, महादूनंच. तो माडीवर जाऊन कपडे बॅगेत भरून आला होता. ती बॅग जिन्याखाली दिसत होती. तो खाटेशी पोचला, तेवढ्यात त्याच्या दंडाला धरून मैनानं त्याला बाजूला केलं, आणि स्वतः खाटेवर बसली.

मागच्या रांगेतल्या बायका बघायला उठून उभ्या राहिल्या.

“मैने, ऊठ,” महादू म्हणाला. “ती भाच्याची जागा हाय.”

“बहीण आधी, मग भाचा.”

“असा कुठं असतो? आक्का, सांग तिला.”

आक्का भाऊकीतली सगळ्यात म्हातारी. रीतभातीचा शेवटचा शब्द तिचा, आणि तो शब्द ती फुकट खर्चत नसे. तिनं आधी खाटेकडं पाहिलं, मग महादूकडं, मग जिन्याखालच्या बॅगेकडं. बॅगेकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

“बहिणीनं घेतलेली मी बघितली न्हाय,” ती म्हणाली. “पण घेऊ नये असा पण कुणी सांगितला न्हाय. शेज घराबाहेर जायला पायजे, बस. दिलेली लेक घराबाहेरचीच.” मग ती मैनाकडं वळली. “पण पोरी, बसलीस तर सगळा लागेल तुला. वर्षभर माहेर न्हाय. नि यातली एक पण वस्तू परत या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. तुझा पोर हितं राहणार असंल, तर त्याच्या हातानं पण न्हाय.”

हे शेवटचं मैनानं धरलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, वर्ष आपण भरू आणि लॅपटॉप पोराला देऊ. तिची नजर उशीवर गेली. बाजूला आकड्यांची वेगळी बटणं. भाविक तिच्याकडं बघत होता, आणि त्याचे ओठ हलले: “आई, ऊठ. मी जातो.”

तिनं चपला पायात घातल्या. पुरुषी मापाच्या, दोन बोटं मोठ्या. तांब्यातलं पाणी प्यायली. मग लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिचे हात अडले. मदतीला भाविक वाकला, तसा आक्कानं हात आडवा केला. “तू न्हाय लावायचा हात.”

मैनानं दिसेल ते बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर अक्षरांची रांग आली.

“काय विचारतोय?” तिनं मुलाला विचारलं.

“भाषा विचारतोय, आई. कुठली भाषा पाहिजे.” त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते. “मोठं बटण आहे ना उजवीकडं, ते दाब.”

तिनं दाबलं. “पोचलं,” भटजी म्हणाले. कमळानं भिंतीला डोकं टेकलं.

मैना उठली. चार पोरांनी खाट उचलून टेम्पोत चढवली. ती मांडवाच्या तोंडाशी पोचली, तेव्हा मागून प्रितेशचा आवाज आला.

“आत्या… माझी हळद?”

घरात मृत्यू झाला की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. प्रितेशचं वैशाखात धरलं होतं. या घरात नवऱ्याला पहिली हळद आत्या लावते. प्रितेशला एकच आत्या होती, आणि तो चार वर्षांचा असल्यापासून ती त्याला म्हणायची, तुझ्या हळदीला मी तुझं नाक पण पिवळं करणार. महादूनं डिपॉझिट भरताना हे धरलं नव्हतं. आता धरलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो एक पाऊल पुढं आला आणि थांबला, कारण रीत त्यानंच काढली होती.

मैनाला मागं वळायचं नव्हतं. ती समोर बघतच म्हणाली, “कमळाकडून लावून घे, बाळा. विधवेचा हात नको म्हणाला कुणी, तर माझं नाव सांग.” आणि टेम्पोत चालकाशेजारी जाऊन बसली.

भाविकनं बॅग जिन्याखालून उचलली आणि परत माडीवर नेली. जिन्यात पाय वाजले.

तर हिशेब असा झाला. खाटेचे, लॅपटॉपचे आणि कळव्याच्या रिकाम्या खोलीचे पैसे महादूनं भरले, आणि ज्या कामासाठी भरले ते झालं नाही. प्रितेशनं आत्या भरली. भाविकनं लॅपटॉप भरला. तो आता वज्रेश्वरीच्या दुकानात नारळांच्या पोत्याशेजारी राहणार होता, रोजच्या वापराचा, आणि त्याचा वापर भाविक घरी येईल त्या रविवारी. कमळाकडून कुणी काही घेतलं नाही, घेण्यासारखं तिच्यापाशी उरलंच नव्हतं. बाकीचं सगळं मैनाच्या नावावर पडलं. टेम्पो फाटकाबाहेर निघाला तेव्हा उन्हानं तिचा घसा कोरडा पडला होता. चालक म्हणाला, “मावशी, पाणी पिऊन घ्या की, घर हितंच हाय.” ती म्हणाली, “चल तू. पुढं बघू.”